बॅटरीची तार काढून बघणे

इंजिन चालू ठेवायचे, बॉनेट उघडायचे, पान्याने बॅटरीच्या एका टर्मिनलचा नट सैल करायचा आणि तार उचलायची. इंजिन चालत राहिले तर डायनॅमो चांगला, बॅटरी गेलेली. इंजिन बंद पडले तर डायनॅमो गेलेला. जुन्या गाडीची बॅटरी रोज सकाळी बसू लागली की आपल्याकडे कित्येक दशके हीच पहिली तपासणी झाली, आणि हायवेच्या कडेच्या गॅरेजात ती आजही होते. इंजिनिअरिंग शिकलेली मंडळी तिला अडाणीपणा म्हणतात, जुने मेस्त्री तिला अनुभव म्हणतात. माझ्या मते दोघांचेही अर्धेच खरे आहे. ही कसोटी एका विशिष्ट यंत्राच्या काळातली. त्या यंत्रापुरती ती बऱ्यापैकी चालत होती. यंत्र बदलले, पण त्याला हाक मारायचे नाव तेच राहिले, आणि नावाबरोबर कसोटीही पुढच्या यंत्राच्या गळ्यात पडली. जुन्या गाडीच्या चार्जिंगचे निदान चुकते ते मेस्त्रीला काही येत नाही म्हणून क्वचितच. एका काळाच्या गाडीची अक्कल दुसऱ्या काळाच्या गाडीला लावली जाते म्हणून ते बहुतेक वेळा चुकते.

मोटारीच्या पहिल्या पिढीला बॅटरीवाचून फारसे अडत नव्हते. इंजिन हँडल मारून चालू व्हायचे, ठिणगी बहुधा मॅग्नेटो द्यायचा, दिवे कार्बाइडच्या गॅसवर जळायचे. 1912 साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा सेल्फ आला आणि सगळा हिशेब बदलला. सेल्फ काही सेकंदच फिरतो, पण तेवढ्यात शंभराच्या वर अँपिअर ओढतो. ही तूट भरून काढायला गाडीतच वीज तयार करणे भाग पडले. बॅटरी म्हणजे घरातला रांजण आणि डायनॅमो म्हणजे विहिरीवरचा रहाट, असे नाते तयार झाले. रांजण रिकामा दिसला की दोष रांजणाचा, रहाटाचा, की मधल्या पन्हळीचा, हा प्रश्न त्या दिवसापासूनचा आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या बऱ्याच गाड्यांत रहाटावर ताबा ठेवायला तिसरा ब्रश असे. तो मागेपुढे सरकवून डायनॅमो किती करंट देणार हे ठरायचे. या तिसऱ्या ब्रशच्या डायनॅमोला व्होल्टेजचा लगाम लावणारी बॅटरीच होती. तिची तार चालू इंजिनात काढली तर व्होल्टेज भलतेच चढे, दिव्यांचे बल्ब उडत, फील्ड कॉइल जळे. म्हणजे तार काढून बघण्याची पद्धत अगदी जुन्या, तिसऱ्या ब्रशच्या गाड्यांना घातकच होती. तिला थारा मिळाला तो 1930 च्या दशकात व्होल्टेज रेग्युलेटर आल्यावर. रेग्युलेटर बॅटरी नसतानाही व्होल्टेज आवरून धरी, आणि तार उचलली तरी इंजिन आपल्या डायनॅमोवर चालत राही. तिसरा ब्रश, रेग्युलेटरचा डायनॅमो आणि अल्टरनेटर या तीन पिढ्यांपैकी एकट्या मधल्या पिढीपुरती ही कसोटी लागू होती.

मग ती आपल्याकडे एवढी का रुजली? उत्तर गाड्यांच्या धंद्यात सापडते. जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला, फोर्डही त्याच सुमारास भारतात आली. तेव्हा रस्त्यावर तऱ्हेतऱ्हेच्या बनावटीच्या गाड्या होत्या. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने ठरवले, की सुटे भाग आणून नुसती जोडणी करणाऱ्यांना परवानगी नाही, इथे उत्पादन करायची तयारी असेल त्यांनीच राहावे. परदेशी कंपन्या निघून गेल्या. उरल्या मोजक्या: वालचंद हिराचंदांनी 1944 साली उभी केलेली आणि कुर्ल्यात फियाट बनवणारी प्रीमियर, उत्तरपाड्यात मॉरिसच्या साच्यातून अ‍ॅम्बेसेडर काढणारी हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड, आणि मुंबईतच विलीज जीपची जोडणी करून पुढे ती इथेच बनवणारी महिंद्र. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर हीच गाड्यांची घराणी फिरत राहिली. कारागिराच्या हाताला एकच वस्तू इतकी वर्षे मिळाली की तिची चाचणी मंत्रासारखी पाठ होते. आयात बंद, नवा भाग महाग, गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावायचा. डायनॅमो टाकून नवा घेणे परवडणारे नव्हते. आर्मेचर रिवाइंड व्हायचे, ब्रश बदलायचे, बुश बदलायचे, कम्युटेटर लेथवर घासून पट्ट्यांमधला मायका करवतीच्या पात्याने खाली घेतला जायचा. ऑटो इलेक्ट्रिशियन, म्हणजे आपल्या बोलीतला गाडीचा वायरमन, याच परिस्थितीत पोसला गेला. 1961 साली मद्रासजवळ पाडी इथे लुकास-टीव्हीएस निघाली आणि ब्रिटिश लुकासच्या नमुन्याची विजेची सामग्री देशातच होऊ लागली, तेव्हा तर वायरमनच्या पाठांतरावर शिक्काच बसला.

त्या पाठांतरात खरी विद्या किती होती, हे पाहायला डायनॅमोजवळ जाऊन बसावे लागते. लुकासच्या डायनॅमोवर दोन टर्मिनल असत, मोठे डी आणि लहान एफ. डीमधून वीज बाहेर येते, एफमधून फील्ड कॉइलला खाऊ मिळतो. दोन्ही तारा सोडवायच्या, डी आणि एफ एका लहान वायरने जोडायचे, व्होल्टमीटरची एक तार तिथे आणि दुसरी गाडीच्या बॉडीला लावायची, आणि इंजिनाची गती सावकाश वाढवायची. काटा न थरथरता झरझर वर गेला तर डायनॅमो निर्दोष. गती हजार फेऱ्यांच्या पुढे नेण्याची गरजच नसते. काटा अजिबात हलला नाही तर आधी ब्रश पाहायचे. अर्ध्या-एक व्होल्टवर अडकला तर फील्ड कॉइलवर संशय, चार-पाच व्होल्टवर अडकला तर आर्मेचरवर. एवढ्याशा वायरच्या तुकड्याने यंत्र न उघडता त्याचे पोट कळते. ही पद्धत लुकासच्या पुस्तिकांत छापलेली होती आणि चांगल्या वायरमनला ती पुस्तिका न वाचताही येत होती. पण गंमत पुढे आहे. विलीज जीपच्या ऑटो-लाइट डायनॅमोची फील्ड बाहेर रेग्युलेटरमधून बॉडीला जाते, म्हणून तिथे पूर्ण फील्ड द्यायला एफ थेट बॉडीला टेकवतात. जीपवर शिकलेल्या हाताने हेच अ‍ॅम्बेसेडरवर केले तर काटा हलणार नाही आणि चांगला डायनॅमो मेलेला ठरेल. फियाटच्या डायनॅमोवर तर डी-एफ ही अक्षरेच नाहीत, 51 आणि 67 हे आकडे आहेत. मॉरिसच्या घराण्यातल्या जुन्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असायचा, फियाटमध्ये मायनस. एकाच गॅरेजात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांचे अर्थिंग उलटे! अशा ठिकाणी सरसकट एकच कसोटी लावणारा माणूस फसणार, हे उघड आहे. आणि ते अल्टरनेटर येण्याच्या फार आधीपासून होत होते.

तार काढून बघण्यातही जाणता आणि नकल्या यांच्यात एक बारीक फरक होता, आणि माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे. डायनॅमो आणि बॅटरी यांच्यामध्ये कटआउट नावाचा चुंबकी स्विच असतो. डायनॅमोचे व्होल्टेज साधारण 13 च्या आसपास पोचले की तो जुळतो; इंजिन मंदावले की सुटतो, नाहीतर बॅटरीच उलटी डायनॅमोत रिकामी होईल. म्हणजे इंजिन आयडलिंगला असताना कटआउट सुटलेलाच असतो आणि सारी ठिणगी बॅटरीवर चालते. त्या क्षणी तार काढली तर उत्तम डायनॅमो असलेली गाडीही बंद पडणार. जाणता वायरमन आधी अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवायला सांगे, कटआउट जुळल्याची टिक ऐके आणि मगच तार उचले. त्याच्या हाताखालच्या पोराने पाहिले ते एवढेच, की उस्ताद तार काढतो. विद्या पुढे सरकताना तिच्यातली अट गळून पडली. आपल्याकडे हे शिक्षण बहुतांशी उमेदवारीतून, बघून-बघूनच झाले. हात दिसतो, कान दिसत नाही.

दुसरी फसवणूक डॅशबोर्डवर होती. जीपसारख्या गाडीत अ‍ॅमीटर असे. त्याचा काटा प्लसकडे गेला तर बॅटरीत भर पडतेय, मायनसकडे गेला तर खर्च चाललाय, हे ड्रायव्हरला सरळ दिसे. फियाटमध्ये त्याऐवजी लाल दिवा आला. हा दिवा डायनॅमो आणि बॅटरी यांच्या व्होल्टेजमधल्या फरकावर जळतो. दोन्ही सारखी झाली की विझतो. ‘दिवा विझला म्हणजे चार्जिंग होतेय’ असा लोकांचा समज झाला, पण दिवा एवढेच सांगतो की दोघे बरोबरीला आलेत. भर किती पडतेय, जरुरीपेक्षा जास्त तर पडत नाही ना, यावर तो गप्प असतो. मात्र त्याची भाषा कळणाऱ्याला तो बरेच बोलून दाखवी. गती वाढवल्यावर विझलेला दिवा पुन्हा मंद लाल पेटू लागला, तर डायनॅमोचे व्होल्टेज बॅटरीच्या वर गेलेय पण तिच्यापर्यंत पोचत नाहीये, म्हणजे कटआउटचे पॉइंट जळलेत किंवा मधल्या जोडात गंज आहे. अशा वेळी डायनॅमो काढून रिवाइंडिंगला टाकणारा पैसे घालवतो, आणि बॅटरी बदलणारा त्याहून जास्त घालवतो.

बॅटरीच्या बाबतीत तर आकड्यांनीही घोळ घातला. तेव्हाची बॅटरी काळ्या एबोनाइटच्या पेटीत असे, वरून डांबरासारख्या लेपाने सील केलेली, आणि एका सेलला दुसऱ्याशी जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वर उघड्या दिसत. त्यामुळे सहापैकी एकेक सेल वेगळा तपासता येई, मेलेला सेल उघडून प्लेटा बदलता येत. बॅटरीवाल्याचा धंदा वेगळा, वायरमनचा वेगळा, इंजिनच्या मेस्त्रीचा वेगळा. बॅटरी चार्जिंगला टाकली की बॅटरीवाला भाड्याची बॅटरी देई, आणि बिघाड कुणाच्या दुकानात आहे यावर तिघांत टोलवाटोलवी चाले. हायड्रोमीटर हा बॅटरीवाल्याचा पुरावा. पण पुरावा कुठल्या हवेतला? लुकासच्या पुस्तिकेत भरलेल्या बॅटरीसाठी दोन आकडे दिलेले असत. थंड हवेत 1.270 ते 1.290, आणि जिथे पारा वारंवार 27 अंशांवर जातो तिथे 1.210 ते 1.230, कारण उष्ण प्रदेशात अ‍ॅसिड मुद्दाम पातळ भरतात, नाहीतर प्लेटा लवकर झिजतात. मुंबईत हा दुसराच आकडा लागू. ज्याने पहिला पाठ केला त्याला 1.220 दाखवणारी तुडुंब भरलेली बॅटरी अर्धी रिकामी वाटणार, आणि तो चांगल्या बॅटरीत आणखी अ‍ॅसिड ओतणार. हा गुन्हा फार बॅटऱ्यांच्या बाबतीत घडला असेल. पाणी उडून जाते, अ‍ॅसिड जात नाही. म्हणून बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटरच टाकायचे असते.

आणि तरी निम्म्या वेळा दोष ना बॅटरीचा असे ना डायनॅमोचा. तो रस्त्याचा असे. हिशेब साधा आहे. 45-45 वॉटचे दोन हेडलाइट 12 व्होल्टवर साडेसात अँपिअर खातात. मागचे दिवे, वायपर आणि इग्निशन धरले की आकडा पंधराच्या घरात जातो. लुकासचा सी-40 डायनॅमो पळत्या गाडीत 22 अँपिअरपर्यंत देई. आयडलिंगला तो काहीच देत नसे. इंग्लंडच्या मोकळ्या रस्त्यासाठी आखलेला हा हिशेब जुलैच्या संध्याकाळी दादर टीटीला रांगेत उभ्या असलेल्या टॅक्सीला कसा पुरणार? पाऊस, वायपर, दिवे, आणि गाडी गोगलगायीच्या चालीने. रांजणातून पाणी उपसले जातेय आणि रहाट थांबलेला. सिग्नलला हेडलाइट मालवायची टॅक्सीवाल्यांची सवय लोकांना कंजूषपणा वाटे. ती खरे तर या हिशेबाची समज होती. अशा गाडीचा डायनॅमो खोलून काही सापडणार नव्हते. घाटात पळणारी एसटी आणि शहरात रांगणारी टॅक्सी यांच्या बॅटऱ्या निरनिराळ्या कारणांनी मरत, आणि निदान करणाऱ्याने गाडी कुठे फिरते हे विचारणे पाना हातात घेण्याआधी जरूर होते.

अल्टरनेटर आला तो याच दुखण्यावरचा उपाय म्हणून. स्वस्त सिलिकॉन डायोड मिळू लागल्यावर 1960 च्या सुमारास अमेरिकेत क्रायस्लरने व्हॅलियंट गाडीत तो सर्रास बसवला. आयडलिंगलाही तो चार्ज करतो, आणि डायोड स्वतःच वीज उलटी जाऊ देत नाहीत म्हणून कटआउट लागत नाही. आपल्याकडे पद्मिनीत, म्हणजे प्रीमियरच्या फियाटमध्ये, बरीच वर्षे डायनॅमोच होता, पुढे अल्टरनेटर आला. डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आलेली मारुती तर अल्टरनेटर घेऊनच आली. पण गॅरेजातली भाषा हलली नाही. अल्टरनेटरला ‘डायनॅमो’ आणि त्याच्या रेग्युलेटरला ‘कटआउट’ म्हणण्याची रीत अजून आहे. नाव तेच, मग तपासणीही तीच. चालत्या इंजिनात बॅटरीची तार काढली की अल्टरनेटरचे व्होल्टेज क्षणात उसळते आणि डायोड किंवा रेग्युलेटर जाऊ शकतो. म्हणजे तपासणीनेच चांगला अल्टरनेटर खराब होऊ शकतो, आणि मग ‘बघा, म्हटलं होतं ना, डायनॅमो गेलाय!’ हे वाक्य खरे ठरते. तारेची ठिणगी आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन यांचा धोका आणखी वेगळा.

यावर कुणी म्हणेल, की हे सगळे आता इतिहासजमा झाले. दोनशे-चारशे रुपयांचा मल्टिमीटर आहे, तो लावा आणि मोकळे व्हा. मल्टिमीटर हवाच, त्याबद्दल वाद नाही. उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, इंजिन चालू असताना 14 च्या आसपास दिसले तर चार्जिंग ठीक, हा नव्या गाडीचा नियम आता सगळ्यांना पाठ आहे. पण तोच नियम डायनॅमोच्या अ‍ॅम्बेसेडरला आयडलिंगवर लावा. मीटर 12.3 दाखवील, आणि मालक चांगला डायनॅमो भंगारात देईल. त्या गाडीत आयडलिंगला हाच आकडा रास्त आहे. गती वाढवल्यावर तो चढतो का, हे पाहायला हवे. जुनी अक्कल नव्या गाडीला लावणारा मेस्त्री आणि नवी अक्कल जुन्या गाडीला लावणारा हौशी मालक एकाच चुकीचे भागीदार आहेत, मग दुसऱ्याच्या हातात कितीही अचूक मीटर असो. दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा आहे: मधल्या पिढीच्या डायनॅमोवर तरी तार काढणे योग्य होते ना? तेवढ्यापुरते निभावत होते, एवढेच म्हणता येईल. डायनॅमो वीज करतो की नाही हे त्यातून कळे, पण पुरेशी करतो का, रेग्युलेटर नीट आवरतो का, बॅटरी घेते का, यातले काहीच कळत नसे. डी-एफची कसोटी तिच्याहून कितीतरी सरस होती, आणि तीही तितकीच स्वस्त होती. लोकप्रिय मात्र तारेची झाली, कारण तिला व्होल्टमीटर लागत नव्हता आणि गिऱ्हाइकाला डोळ्यांनी निकाल दिसत होता. गिऱ्हाइकासमोर इंजिन बंद पाडून दाखवणे यासारखा पटवून देणारा पुरावा नाही, मग तो खरा असो वा नसो.

प्रश्न आज थोडा अधिक बिकट आहे, कारण जुन्या गाडीत आता कुठल्या पिढीचे यंत्र आहे हे बॉनेट उघडूनही चटकन कळत नाही. तारदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर काळी-पिवळी पद्मिनी उरली नाही. आता या गाड्या हौशी लोकांच्या हातात आहेत. कुणी डायनॅमो काढून अल्टरनेटर घातलाय, कुणी प्लस अर्थचा मायनस अर्थ केलाय, कुणी बाहेरून जुनी दिसणारी रेग्युलेटरची डबी तशीच ठेवून आत इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवलाय. पुढचा वायरमन डबी पाहून डायनॅमो समजणार आणि पान्याकडे हात नेणार. तेव्हा तुमच्याकडे अशी गाडी असेल तर आरसी आणि इन्शुरन्सच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: आत डायनॅमो आहे की अल्टरनेटर, अर्थ प्लस की मायनस, रेग्युलेटर कुठला, आणि बदल कोणत्या तारखेला केला. आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला ठळक मराठीत लिहून ठेवा, की चालू इंजिनात बॅटरीची तार काढू नये.